डोळ्यांतलें भय

निर्भयता हा गुण खरा. पण ती आंधळीहि असूं शकते. अमेरिकेंतील आयोवा येथें अभ्यासिल्या गेलेल्या एका स्त्रीच्या मेंदूंतील बदामाच्या आकाराचे दोन भाग दुर्मिळ विकारानें नष्ट झाले होते. सर्प तिनें खुशाल हातीं धरला; मात्र दुसऱ्याच्या मुद्रेवरील भीति तिला ओळखतां येत नाहीं, असें १९९४ सालीं प्रसिद्ध झालें. २००५ सालीं कारण उमगलें : तिची नजर समोरच्याच्या डोळ्यांकडे वळतच नसे. ‘डोळ्यांकडे पाहा’ म्हणतांच तिला भय ओळखूं येई. सूचना थांबली कीं पुन्हां पहिल्यासारखेंच. ज्यांचे मेंदू शाबूत आहेत त्या आपणांसहि घरांतल्या माणसांचें भय पुष्कळदां दिसत नाहीं, तें मला वाटतें याच कारणानें. आणि आपणांस तशी सूचना देणारें कोणी नसतें!