बंड्या, बाबा आणि साडेचौतीस इंच

वडनेर म्हणजे तालुका हिंगणघाट, जिल्हा वर्धा. नागपूरहून हैदराबादकडे निघालात की हायवेवरच लागतं, आणि बहुतेक लोक न थांबता पुढे जातात. आमच्याकडे बर्फ फक्त दोन प्रकारचा. एक गोळेवाल्याच्या गाडीवरचा आणि दुसरा आभाळातून पडणाऱ्या गारांचा. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात जी गारपीट झाली, तिने दुसऱ्या प्रकारची हौस सगळ्यांचीच फिटली. तेव्हा माझे बाबा त्याच वर्षी दिवाळीनंतर आमच्याकडे अमेरिकेत आले, तेव्हा 'स्नो' या गोष्टीबद्दल त्यांचं मत आधीच वाईट होतं. त्यात कापसाची वेचणी अर्ध्यावर टाकून आलेले. हे रोज एकदा ऐकवल्याशिवाय चहा संपायचा नाही.

आम्ही तेव्हा मॅसॅच्युसेट्समध्ये राहायचो, वूस्टरला लागून असलेल्या श्रूजबरीत. घरात मी, बायको, बाबा आणि बंड्या. बंड्या बीगल जातीचा, अकरा वर्षांचा, खांद्यापर्यंत उंची जेमतेम पंधरा इंच. (ही उंची लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) त्याच्या हृदयाची झडप गळत होती, त्यामुळे फुफ्फुसात पाणी साचू नये म्हणून दिवसातून दोनदा फ्युरोसेमाइडची गोळी. ही गोळी शरीरातलं जास्तीचं पाणी लघवीवाटे बाहेर काढते. पोटात गेली की तास-दोन तासांत असा जोर लावते की बंड्या दारापाशी जाऊन नुसता थरथरत उभा राहायचा.

गंमत म्हणजे हीच गोळी बाबांनाही होती. त्यांचीही ॲन्जिओप्लास्टी झालेली. रोज सकाळी ओट्यावर दोन डब्या शेजारी शेजारी, एक बाबांची, एक बंड्याची. कुत्रं घरात ठेवणं बाबांना मुळीच पटत नव्हतं. गावात कुत्रं असतं ते गल्लीचं, नाहीतर शेतातल्या गोठ्याचं. पण या गोळीवरून दोघांचं जमलं. "मले इचार," बाबा म्हणायचे, "हे गोळी घेतली का माणसाले दम निघत नाई. थ्या मुक्या जनावराले कसा निघंन?"

तर 26 जानेवारी 2015. आदल्या रात्री जागून बाबांनी लॅपटॉपवर दिल्लीची परेड पाहिली. त्या वर्षी ओबामा पाहुणे होते, त्यामुळे "तुमचा माणूस आमच्याकडे आणि मी तुमच्याकडे" असा विनोद त्यांनी चार वेळा केला. संध्याकाळी वादळ आलं. हवामानाच्या चॅनेलने त्याला 'जूनो' असं नाव दिलं होतं. राज्यपालांनी मध्यरात्रीपासून गाड्या रस्त्यावर आणायला बंदी केली आणि मंगळवारी बॉस्टनच्या लोकल, बस सगळं बंद राहिलं. बॉस्टनला 24.6 इंच बर्फ पडला. वूस्टरला 34.5, म्हणजे तोपर्यंतचा तिथला विक्रम.

आता चौतीस इंच आणि पंधरा इंच. गणित सोपं आहे.

बंड्या शेवटचा बाहेर गेला होता सोमवारी रात्री आठला. मंगळवारी सकाळी सातला मागचं दार उघडलं, तर दाराच्या आकाराची पांढरी भिंत समोर उभी. वाऱ्याने बर्फ दाराशी आणून लोटला होता. बंड्याने भिंतीला नाक लावलं, शिंकला आणि माझ्याकडे पाहिलं.

ज्यांनी कुत्रा पाळला नाही त्यांना वाटेल, एवढं काय, घरात वर्तमानपत्र टाका. टाकलं. बाथटबमध्ये उभं करून पाहिलं. गॅरेजमध्ये नेलं. पण दहा वर्षं 'घरात नाही' हे ज्याच्या डोक्यात पक्कं बसलंय, त्याला आज सवलत आहे हे कुठल्या भाषेत सांगणार? शिवाय कुत्र्याला जागा कळते ती वासावरून. इथे काल मी आलो होतो, इथे शेजारचा लॅब्रॅडॉर येऊन गेला, हे सगळं जमिनीवर लिहिलेलं असतं. ताज्या बर्फाने पाटी पुसून टाकली की त्याच्या दृष्टीने अंगण हे अंगणच राहत नाही.

आणि सकाळच्या गोळीची वेळ झालेली. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की मनाने डोस बंद करायचा नाही, नाहीतर छातीत पाणी होईल. म्हणजे गोळी द्यावी तर मूत्राशय फुगणार, न द्यावी तर फुफ्फुसं भरणार. प्रॉडक्शन सर्व्हर पडलेला असताना मी इतका घामाघूम झालो नव्हतो. आणि जनावरांच्या इमर्जन्सीपर्यंत गाडी न्यायची तर गाडी आधी सापडायला हवी!

मी गोळी दिली आणि फावडं उचललं. बाबाही निघाले, कानटोपी, माझं जुनं जॅकेट, हातात दुसरं फावडं. इथे मात्र मी आडवा आलो. थंडीत बर्फ उपसताना हृदयावर एकदम ताण येतो, दर हिवाळ्यात त्यात माणसं जातात, आणि इथले डॉक्टर हृदयरोग्यांना हे काम करूच नका म्हणून सांगतात. बाबा चिडले. जन्मभर शेतात राबलेल्या माणसाला पोराने फावडं खाली ठेवायला सांगायचं म्हणजे अपमानच. शेवटी तडजोड झाली. त्यांनी दारात खुर्ची टाकून मुकादमगिरी करायची.

आणि केली! "उचलू नोको, लोट. कंबर नोको वाकवू, गुडघे वाकव. अरे रस्ता कायले खंदून रायला, त्याले हिंडाले नाई जायचं, बसाले जायचं हाय!" हे खरं होतं. मी सवयीने फाटकाकडे निघालो होतो. बाबांनी मला वळवलं घराच्या मागच्या बाजूला, वाऱ्याच्या आडोशाला, मेपलच्या झाडाकडे. बंड्याची रोजची जागा तीच. "खाली गवत दिसू दे," म्हणाले. चटईएवढी जागा मोकळी करायला मला पाऊण तास लागला. मीठ टाकायचं नाही हे ठरलेलंच होतं. रस्त्यावर टाकतात ते मीठ कुत्र्याच्या पंजांना झोंबतं आणि नंतर चाटलं तर पोटात जातं. बोटांमधल्या केसांत बर्फाचे गोळे अडकू नयेत म्हणून बायकोने पंजांना व्हॅसलीन चोपडलं. (बाबांनी खोबरेल सुचवलं होतं, पण ते बाटलीत दगड होऊन बसलं होतं.) बूट घालून पाहिले, तर बंड्या गरम तव्यावरून चालल्यासारखा पाय झटकायला लागला. बूट रद्द.

मोकळ्या केलेल्या जागेवर बंड्या आला, हुंगलं, आणि परत फिरला. गवत गोठलेलं, वासच नाही. पंधरा तास झाले होते. पाय थरथरत होते, पोट ताठ.

बाबा काही न बोलता गॅरेजमध्ये गेले. शरद ऋतूत झाडलेल्या पानांची कागदी पिशवी तिथे तशीच पडून होती, त्याच मेपलखालची. त्यांनी ओंजळभर पानं आणून मला दिली आणि पसरायला लावली. बंड्याने पानांत नाक घातलं. एक चक्कर मारली. मग दुसरी.

या चकरांवर खरोखर संशोधन झालेलं आहे. चेक आणि जर्मन शास्त्रज्ञांनी 70 कुत्री दोन वर्षं पाहून 2013 मध्ये निबंध छापला, की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असेल तेव्हा कुत्री शी करताना उत्तर-दक्षिण बसतात. त्यांना 2014 चं इग नोबेल मिळालं. दुसऱ्या एका गटाने सांगितलंय की तीन किलोवरचा कुठलाही सस्तन प्राणी मूत्राशय रिकामं करायला साधारण 21 सेकंद घेतो, मग तो हत्ती का असेना. त्यांनाही इग नोबेल, 2015 चं. बंड्याची दिशा पाहायला माझ्याकडे होकायंत्र नव्हतं. वेळ मात्र बाबांनी मोजली. मिनिटावर गेला होता. पानांतून वाफ येत होती आणि बाबा दारातून ओरडत होते, "शाब्बास रे पठ्ठ्या!"

आत आल्यावर त्याचे पंजे कोमट पाण्याने धुतले, पुसले. तो हीटरशी आडवा झाला तो थेट घोरायलाच लागला. मी कॉफी घेतली. बाबा बराच वेळ गप्प होते. मग आपणहून सांगायला लागले.

आमच्याकडे पावसाळ्यात झड लागते. तीन-तीन, चार-चार दिवस पाऊस थांबत नाही, काळी माती पायाला किलोकिलोने चिकटते. बाबांच्या लहानपणी घरात संडास नव्हता. पुरुष माणसं तांब्या घेऊन भर पावसात कुठेही जायची. बायकांनी अंधार पडायची वाट पाहायची. "माही माय झड लागली का जेवतच नव्हती," बाबा म्हणाले. "पाणी बी घोटभर प्यायची. मले वाटे तिचा उपास हाय. कितीक वर्सं मले तसंच वाटे."

मी आजीला चांगली ओळखायचो. हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. तिच्या हयातीतच आमच्या घरी संडास बांधला गेला, आणि तो धुवायला ती दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही, एवढं मात्र मला आठवतं. आम्ही पोरं त्यावरून तिला हसायचो.

दोन तासांनी खिडकीतून पाहिलं तर वाऱ्याने चटई परत भरून टाकली होती. पुन्हा फावडं. त्या दिवशी पाच वेळा. पुढचा महिना तर विचारूच नका. बॉस्टनचा त्या मोसमाचा एकूण आकडा 110.6 इंच झाला, म्हणजे पावणेतीन मीटरहून थोडा जास्तच, हाही विक्रमच. आमच्या मागच्या दारापासून मेपलपर्यंत एक बोळ तयार झाला, भिंती माझ्या छातीला लागतील एवढ्या. बाबा रोज सकाळी स्वतःची गोळी घेऊन खुर्चीत बसायचे आणि बंड्या बोळातून परत येईपर्यंत उठायचे नाहीत, मग स्वतःला कितीही घाई असो.

एप्रिलमध्ये बर्फ वितळला. मेपलखाली चटईएवढं गवत पिवळंजर्द जळून गेलं होतं, आणि त्याच्या कडेने हातभर पट्टा मात्र बाकी लॉनपेक्षा हिरवागार. बाबांनी उकिडवं बसून माती चिमटीत घेतली, चोळून पाहिली.

"युरिया जास्त झाला," म्हणाले.