बिऱ्हाडबाजले

बिऱ्हाड हलवले की काहीतरी फुटायचेच. त्याचे मला कधी फारसे वाईट वाटत नाही. फुटलेली कपबशी निदान दिसते. दोन दिवस हळहळून माणूस नवी आणतो. खरा घोळ होतो तो न फुटलेल्या गोष्टींचा. आमचे आजोबा वाडा सोडून ब्लॉकमध्ये राहायला आले, तेव्हा त्यांचा तांब्या, काठी, पानाचा डबा सगळे धड पोचले होते. पण पहिल्याच रात्री ते अंधारात उठले आणि सरळ भिंतीवर आदळले. वाड्यात त्या जागी मोरीकडे जायचे दार होते. दाराची सवय त्यांनी बरोबर आणली होती, दार मात्र तिकडेच राहिले होते.

माझा धंदा संगणकांतली असली जुनी बिऱ्हाडे पाहण्याचा. नवा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मान असतो. जुना चालता ठेवणाऱ्याला फक्त फोन येतात, आणि तेही बहुधा जेवणाच्या वेळी. २०१६ च्या मार्च महिन्यात असाच एक फोन आला. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची पतसंस्था. तिच्या कर्जहप्त्यांचा हिशेब कुणा होतकरू तरुणाने पंधरा वर्षांपूर्वी लिहून दिलेल्या प्रोग्रॅमवर चालत असे. पडद्यावरची पाने ‘एएसपी’ पद्धतीची, आणि सगळ्या नोंदी ‘ॲक्सेस’च्या एकाच फायलीत. लिहिणारा केव्हाच परदेशी निघून गेला होता. हे सारे ज्या सर्व्हरवर नांदत होते तो विंडोज २००३ चा. त्या आवृत्तीची सुरक्षा-दुरुस्ती जुलै २०१५ मध्ये कायमची थांबली होती. म्हणून संस्थेने नवा सर्व्हर घेतला, आणि फेब्रुवारीअखेर पुरवठादाराच्या माणसाने सगळ्या फायली त्यावर नेऊन ठेवल्या.

त्या माणसाने आपण काय काय केले ते एका कागदावर टिपून ठेवले होते. कागद वाचताना मला त्याची दया आली आणि थोडे कौतुकही वाटले. पहिल्याच दिवशी प्रोग्रॅम अडून बसला होता. ॲक्सेसच्या फायलीशी बोलणारा जुना दुभाषा बत्तीस बिटांचा, आणि नवा सर्व्हर चौसष्ट बिटांचा. त्यामुळे ‘या नावाचे इथे कोणी नोंदलेले नाही’ असा निरोप पडद्यावर यायचा. बरे, त्या दुभाषाला शोधायला जावे तर विंडोजमधल्या पाट्याच उलट्या! ‘सिस्टिम ३२’ नावाच्या कप्प्यात चौसष्ट बिटांचा माल, आणि ‘सिसवाव ६४’ नावाच्या कप्प्यात बत्तीसचा. यात वेडेपणा नाही. असंख्य जुन्या प्रोग्रॅमांनी ‘सिस्टिम ३२’ हे नाव पोटात पक्के करून ठेवले होते. ते बदलले असते तर सगळेच वाट चुकले असते. आपल्या गावात नाही का, थिएटर पडून वीस वर्षे झाली तरी थांब्याचे नाव थिएटरचेच असते!

दुसरी अडचण याहून गमतीची. प्रोग्रॅम सुरू झाला, जुन्या नोंदी दाखवू लागला, पण नवी नोंद घेईना. निरोप असा, की विचारलेला प्रश्नच बदल करण्याजोगा नाही. प्रश्नात काही दोष नव्हता. ॲक्सेसला काम करताना आपल्या फायलीशेजारी कुलपाची एक छोटी फाईल ठेवावी लागते, आणि नव्या सर्व्हरवर त्या कप्प्यात लिहायची परवानगी नव्हती. शाळेची भीती वाटणारे पोर पोट दुखते म्हणून सांगते, त्यातला हा प्रकार. त्या माणसाने तेही हुडकून काढले. मार्चच्या पहिल्या तारखेला वसुली सुरू झाली, पावत्या फाटू लागल्या, आणि तो हात धुऊन मोकळा झाला.

मला बोलावले ते यानंतर तीन आठवड्यांनी. हप्त्याची शेवटची तारीख दहा. वीस तारखेनंतर यंत्राने थकबाकीदारांची यादी काढली, दंडव्याज लावले, आणि संस्थेने नोटिसा धाडल्या. मी पोचलो तेव्हा मॅनेजरसाहेबांच्या टेबलासमोर एक बाई उभ्या होत्या. पिठाच्या गिरणीसाठी त्यांनी कर्ज काढले होते. हातात सुतळीने बांधलेला पावत्यांचा गठ्ठा.

“अकरा हप्ते भरले साहेब. एकदा तरी दहा तारीख ओलांडली का बघा.”

“मावशी, कॉम्प्युटरवर तुमचा मार्चचा हप्ताच दिसत नाही.”

“मग त्याला पावती दाखवा की!”

मॅनेजर हसले. मला हसू आले नाही, कारण त्याहून शहाणी सूचना त्या खोलीत दुसऱ्या कुणी केली नव्हती. पावती पाच मार्चची होती. मी यंत्रातली नोंद काढली. नोंद होती, पैसेही बरोबर होते. तारीख होती तीन मे. अजून उगवायचा होता तो दिवस!

नोटिसांची यादी मागवली. मॅनेजरांना गावातले बुडवे तोंडपाठ. त्यांनी यादीवर बोट फिरवले आणि ते गप्प झाले. दोघे नेहमीचे सोडले तर बाकी सगळी वेळच्या वेळी भरणारी माणसे! जे चौदाला, अठराला रमतगमत आले होते, त्यांची नोंद मात्र चोख होती.

कारण असे. नव्या सर्व्हरवर देश अमेरिका राहिला होता. अमेरिकी रिवाजात आधी महिना, मग दिवस. म्हणून ०५/०३ चा अर्थ तीन मे. पण १४/०३ लिहिले तर चौदावा महिना नसतोच, तेव्हा यंत्र समजूतदारपणे दोन्ही आकडे आपणच फिरवून घेते आणि चौदा मार्च मांडते. चकार शब्द काढत नाही. त्याने एकदा जरी कुरकुर केली असती, तरी तेरा तारखेलाच सगळे उघडकीला आले असते. तीन मार्चला भरणारे तेवढे सुटले. त्यांची तारीख उलटी केली तरी तीच.

जुन्या सर्व्हरवर कुणीतरी कधीकाळी देशाच्या खान्यात भारत निवडला होता. ते कुठल्याच फायलीत लिहिलेले नव्हते, म्हणून फायलींबरोबर ते आलेही नाही. दुरुस्ती एका ओळीची: अमेरिकी इंग्रजीचा क्रमांक १०३३, भारतीय इंग्रजीचा १६३९३, प्रोग्रॅमच्या आरंभीच दुसरा आकडा सांगून टाकला. म्हणजे पुढच्या वेळी बिऱ्हाड कुठेही हलो, देश आपला आपल्यापाशी.

पण बिघडलेल्या नोंदींचे काय? मे महिन्याची तारीख खोटी हे कुणीही ओळखेल. तीन जानेवारी मात्र खरीही असू शकते आणि उलटलेली एक मार्चही. तिथे नोंदीच्या अनुक्रमांकाने हात दिला. यंत्र प्रत्येक नोंदीला ओळीने आकडा देते; आजूबाजूच्या नोंदी मार्चच्या असतील तर मधली जानेवारीची कशी? तरी मी त्यावर विसंबलो नाही. दोन संध्याकाळी पावतीपुस्तकातल्या स्थळप्रती घेऊन बसलो. संस्थेतली लिपिक मुलगी वाचायची, मी पडद्यावर जुळवायचो. कागद पिवळट, अक्षर गिचमिड, पण तारखेविषयी एकाही स्थळप्रतीत दुमत नव्हते.

दंडव्याज काढून टाकले. मॅनेजरसाहेबांनी शिपायाला नोटिसा परत आणायला घरोघर पाठवले, आणि सोबत दिलगिरीचे पत्रही दिले. हे त्यांचे मोठेपण. सगळ्यांनी नोटिसा दिल्या. गिरणीवाल्या मावशींनी पत्र ठेवून घेतले आणि नोटीसही दिली नाही.

“राहू दे,” म्हणाल्या म्हणे, “पावत्यांत ठेवते.”