साठीनंतरची शाळा

निवृत्त शिक्षकानें लेखणी हातीं घेतली कीं उपदेश ठरलेलाच, अशी वाचकांची समजूत असल्यास ती निराधार नाहीं. छत्तीस वर्षें मुलांना संस्कृत शिकविल्यावर जिभेला ती खोड लागतेच. परंतु आजचा मजकूर उपदेश देणाऱ्याचा नसून घेणाऱ्याचा आहे. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षीं मीं बॅडमिंटनच्या वर्गांत नांव घातलें, आणि तेथें मिळालेला धडा खेळापुरताच राहिला नाहीं, म्हणून हा लेखनप्रपंच.

खेळ मला अगदींच अपरिचित नव्हता. पुणेकराला तो तसा असूंही नये. सन १८७३ च्या सुमारास येथील छावणींतील इंग्रज अधिकाऱ्यांनीं त्याचे नियम बांधले. ग्लॉस्टरशायर परगण्यांतील बॅडमिंटन हाउस ह्या वाड्यावरून आज त्याचें नांव रूढ असलें, तरी एके काळीं त्याला ‘पूना’ असेंही म्हणत. सांगलीचे नंदू नाटेकर सन १९५६ मध्यें मलायांतील सेलांगरची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकून आले, ती हकीकत आमच्या वडिलांच्या तोंडून मीं लहानपणीं ऐकली होती. वाड्याच्या अंगणांत दोरी बांधून आम्हींही फूल उडविलें होतें. मात्र अंगणांतल्या खेळांत समोरच्याला फूल नीट मिळावें, ही सभ्यता असे. स्पर्धेंतला खेळ नेमका ह्याच्या उलट.

निमित्त झालें शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांचें. साठीवरील खेळाडूंच्या दुहेरी सामन्यांसाठीं त्यांना जोडीदार हवा होता. घरांतून “अहो, गुडघे किती वर्षांचे झाले, ह्याचा तरी विचार करा,” असा इशारा मिळाला. तो मानून मीं डॉक्टरांना विचारलें, आणि त्यांची संमति मिळतांच वर्गांत दाखल झालों. पाहतों तों शिकविणारी मुलगी – मुलगी कसली, पस्तिशी उलटलेली बाई – आमचीच जुनी विद्यार्थिनी! तिनें वांकून नमस्कार केला. माझ्या मनांत मात्र चर्र झालें. त्याचें कारण पुढें येईल.

“येथें तूं बाई आणि मी विद्यार्थी,” असें मीं सांगून टाकलें, आणि तिनें तें मनावर घेतलें. पहिले आठ दिवस मला मनाजोगा एक फटका मारूं दिला नाहीं. रॅकेटचा दांडा मी छडीसारखा धरीत होतों. बोटें सैल ठेवावीं आणि फुलाला स्पर्श होण्याच्या क्षणींच आंवळावीं. उलट्या हाताच्या फटक्याला अंगठा दांड्याच्या रुंद बाजूवर टेकावा. हें झाल्यावर पाय. समोरचा फूल मारणार त्याच क्षणीं जागच्या जागीं दोन्ही पायांनीं बारीकशी उडी घ्यावयाची. ती उतरतांना शरीर कोणत्याही दिशेला निघण्यास सज्ज असतें. ती किंचित् उशिरा पडली कीं पुढची सगळी धांव वायां.

मग डावपेंच. एकेरीचें कोर्ट ४४ फूट लांब आणि १७ फूट रुंद. फूल मागच्या कोपऱ्यांत उंच व खोल पाठविलें, तर आपल्याला सांवरण्यास वेळ मिळतो. जाळीलगत हळूच सोडलें, तर समोरचा पुढें ओढला जाऊन त्याच्या मागची जागा मोकळी होते. मीं वहींत लिहून घेतलें : ‘प्रत्येक फटक्यानंतर मध्यावर यावें.’ बाईंनीं तें वाचलें आणि खोडलें! सरळ फटका मारला असेल तर त्याच बाजूला थोडें झुकून उभें राहावें. कारण उत्तरादाखल येणारा सरळ फटका लवकर पोंचतो, तिरप्याला अधिक अंतर कापावें लागतें. पाणिनीच्या विद्यार्थ्याला हें अवघड नव्हतें. मध्यावर येणें हा उत्सर्ग, आणि बाकीचा खेळ अपवादांचा.

दुहेरींत हल्ला आपला असेल तर एकानें पुढें व एकानें मागें राहावें. फूल उंच द्यावें लागलें कीं दोघांनीं शेजारीं शेजारीं यावें. स्मॅश समोरच्या दोघांच्या मधोमध मारावा, म्हणजे तो घ्यावा कोणीं ह्या संभ्रमांत दोघेही पडतात. सर्व्हिस जाळीला जवळजवळ घासून जावी. उंच गेली तर शत्रूच्या हातीं आयतें शस्त्र.

जोर कमी पडतो, अशी तक्रार मीं केली, तेव्हां बाईंनीं सन १९८० चा ऑल इंग्लंड स्पर्धेचा अंतिम सामना सांगितला. इंडोनेशियाच्या लिएम स्वी किंग यांचा उडी घेऊन मारलेला स्मॅश त्या काळीं जगप्रसिद्ध होता. प्रकाश पदुकोण यांनीं वेगाला वेगानें उत्तर देण्याचें टाळलें, फुलाची गति हवी तशी मंद केली, आणि सामना १५-३, १५-१० असा जिंकला. हात एकाच पद्धतीनें वर न्यावा, आणि क्लिअर, ड्रॉप कीं स्मॅश हें शेवटच्या क्षणापर्यंत कळूं देऊं नये, हें त्यांतलें मर्म.

तीन महिन्यांनीं माझे फटके बरे पडूं लागले. तरी सरावांत मी हरतच होतों. एके दिवशीं बाई म्हणाल्या, “सर, तुमचा फटका शुद्ध असतो. पण तुम्ही फूल पाहतां, माणूस पाहत नाहीं. त्याचा तोल कोणत्या पायावर आहे, तो दमला आहे कीं नाहीं, हें पाहिल्याशिवाय शुद्ध फटका काय कामाचा?”

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. छत्तीस वर्षें माझें शिकविणेंही असेंच शुद्ध होतें. हीच मुलगी दहावींत असतांना जिल्ह्याच्या स्पर्धेसाठीं तीन दिवसांची रजा मागावयास आली होती. त्याच दिवसांत संस्कृतची चांचणी होती. शिफारस वर्गशिक्षकाच्या हातीं. मीं ती दिली नाहीं. वर “फुलें उडवून कोणाचें भलें झालें आहे?” असेंही बोललों. वयोगटाच्या स्पर्धेंत वर्ष गेलें म्हणजे गेलें; पुढच्या वर्षीं ती त्या गटांत बसली नाहीं. समोर कोण उभें आहे, हें मीं पाहिलेंच नव्हतें. मला दिसत होती फक्त चांचणीची तारीख.

आमच्या सामन्यांत पहिली फेरी आम्हीं जिंकली. दुसरींत पहिला गेम १४-२१ असा गेला. दुसऱ्या गेममध्यें अकरा गुणांवर एक मिनिटाची विश्रांति मिळाली, तेव्हां मीं पोस्टमास्तरांच्या कानांत सांगितलें, “तो उंच गृहस्थ वांकतांना उजवा गुडघा जपतो आहे.” मग आम्हीं फूल त्याच्यापुढें जाळीलगत सोडूं लागलों. स्वतःचे गुडघे आठवून मला किंचित् लाज वाटली, तरी फूल तेथेंच पाठविलें. गेम २१-१८ असा आमचा झाला. तिसऱ्यांत एकोणीस-एकोणीस अशी बरोबरी झाली असतां माझी सर्व्हिस उंच गेली, आणि पुढचें फूल पोस्टमास्तरांनीं जाळींत घातलें.

बांकावर बसून घाम पुसतां पुसतां मीं तिला तो दहावीचा प्रसंग सांगितला, आणि माझें चुकलें असें म्हटलें. शिक्षकाच्या तोंडीं हें वाक्य सहसा नसतें. मला तें जड गेलें.

ती कांहीं वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आठवतं सर. त्या दिवशीं रॅकेट माळ्यावर टाकून दिली होती मीं. आईनं दोन महिन्यांनीं खालीं काढली. चांचणींत पंचवीसपैकीं चोवीस मिळाले होते. काय लिहिलं होतं, तें मात्र आतां एक अक्षर आठवत नाहीं.”

‘असूं द्या’ असें ती म्हणाली नाहीं, आणि तिनें तें म्हणावें अशी अपेक्षा करण्याचा अधिकार मला नव्हता. पिशवी खांद्याला लावून उठतांना ती एवढेंच बोलली, “सोमवारीं जरा लवकर या, सर. ती सर्व्हिस बसवायला हवी.”

सोमवारीं मी पंधरा मिनिटें आधींच दारांत उभा होतों.