बोरन्हाण

मराठी घरात मुलाची वाढ डोळ्यांनी पाहिली जाते, पण तिचे सोहळे पंचांग ठरवते. बाराव्या दिवशी बारसे, काही महिन्यांनी उष्टावण आणि पहिल्या संक्रांतीला, किंवा रथसप्तमीपर्यंत केव्हाही, बोरन्हाण. नेवाळकरांच्या काळापासून झाशीत नांदलेल्या मराठी कुटुंबांनी हा क्रम सोबत आणला. बोरांची तर तिथे वानवाच नाही, बुंदेलखंडाच्या खडकाळ माळावर झरबेरी आपसूक माजते.

अशाच एका घरातल्या मुलाचे बोरन्हाण तीन संक्रांती लांबले. जन्मवेळी त्याच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला होता. सेरेब्रल पाल्सी हे नाव आईला दीड वर्षाने कळले. मान केव्हा धरावी, केव्हा बसावे, पहिले पाऊल केव्हा टाकावे, हे सांगणारे लसीकरणाचे कार्ड तिने पेटीच्या तळाशी घातले. बोरन्हाणाला पाटावर बसावे लागते, आणि तो बसत नव्हता.

"मांडीवर घेऊन करू या, सूनबाई," सासूबाई दर पौषात म्हणत. ती नको म्हणे. त्यात हट्ट होता, हे खरेच. पण मांडीवरचे बोरन्हाण म्हणजे आपणच आशा सोडल्याची दवंडी, असे तिला वाटे. अंगणापलीकडून 'चलने लगा?' ही चौकशी नित्याचीच होती. मायेनेच केलेली, तरी तिला उत्तर देणे जड जाई.

दोन वर्षांच्या आत आधाराशिवाय बसू लागलेले मूल पुढे बहुधा चालते, असे तज्ज्ञ सांगतात. हे तिने ऐकले तेव्हा तो अडीच वर्षांचा होता. खरे ज्ञानही कधी कधी उशिराच हाती येते. मुंबईच्या मालिनी चिब यांनाही जन्मापासून हाच विकार. त्यांच्या आई मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये अशा मुलांसाठी संस्था काढली. एका बोटाने टंकलेखन करणाऱ्या मालिनीताईंचे आत्मचरित्र २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. एका बोटाचा टप्पा मात्र कोणत्याही कार्डावर छापलेला नसतो.

चौथ्या संक्रांतीला तो बसला. पाठीला बाक, दोन्ही तळवे पाटापुढे घट्ट रोवलेले. पण मागे कुणाचा हात नाही. काळे झबले, हलव्याचे दागिने. सासूबाईंनी औक्षण केले आणि बोरे, चुरमुरे, उसाचे करवे डोक्यावरून ओतले. गल्लीतली पोरे वेचायला तुटून पडली, बायका हसल्या, सगळ्यांच्या नजरा खाली सांडलेल्या खाऊवर खिळल्या.

तेवढ्यात त्याने उजवा तळवा जमिनीवरून उचलला. आईने श्वास रोखून मोजले: एक, दोन, तीन, चार. तो कलला नाही. बोटे वाकडीतिकडी होत एका बोरापर्यंत पोचली आणि बोर तोंडात गेले. बी घशात अडकेल म्हणून तिने लगबगीने ते काढून घेतले, तसा त्याने टाहो फोडला, आणि सासूबाई विचारू लागल्या, "अगं, काय झालं? तू का रडतेस?"