कापसाच्या वाटेनं आलेले कॅमेरे

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग हिंगणघाटच्या पुढं गेला की दोन्ही अंगांनी पांढरा होत जातो. नोव्हेंबरचा महिना होता. पऱ्हाटीला बोंडं फुटली होती, मधल्या तासांत तूर पिवळ्या फुलोऱ्यावर आली होती. वडनेर मागं पडलं, वर्धा नदीचा पूल लागला आणि आम्ही यवतमाळ जिल्ह्यात शिरलो. सोबत नेदरलँड्सची एक तरुण माहितीपटकार होती. गोव्याच्या चित्रपट महोत्सवाला जाण्याआधी महाराष्ट्राचा एखादा भाग नीट पाहायचा, अशी तिची इच्छा. काय दाखवशील, असं तिनं विचारलं तेव्हा मी अजिंठा-वेरूळ बाजूला ठेवून पांढरकवड्याचं नाव सांगितलं. तिच्या ॲमस्टरडॅमच्या पडद्यावर जे गाव दिसलं होतं, ते याच भागात आहे.

त्या गावाचं नाव तेलंग टाकळी. मिखा एक्स. पेलेड या मूळच्या इस्रायली आणि पुढं अमेरिकेत स्थायिक झालेल्या दिग्दर्शकानं 'बिटर सीड्स' हा माहितीपट इथं केला. त्याची एक चित्रत्रयी आहे आणि तिचा क्रम विचार करायला लावणारा आहे. पहिल्या चित्रपटात अमेरिकेतलं एक छोटं गाव आणि तिथं येऊ घातलेलं महादुकान. दुसऱ्यात, 'चायना ब्लू'मध्ये, त्या दुकानांसाठी जीन्स शिवणाऱ्या चिनी मुली. आणि तिसऱ्यात तो कापूस पिकवणारा आपला कोरडवाहू कास्तकार. दुकानापासून मागं मागं येत दिग्दर्शक अखेर यवतमाळच्या काळ्या मातीत पोचला. पेरणीपासून वेचणीपर्यंतचा एक हंगाम, उधारीवर आणलेलं बीटी बियाणं, सावकाराकडं अडकलेली जमीन, घरात लग्नाला आलेली लेक आणि या सगळ्यांना प्रश्न विचारत फिरणारी गावातलीच एक तरुणी. तिला बातमीदार व्हायचं आहे. तिच्या स्वतःच्या वडिलांनी आत्महत्या केलेली आहे. २०११ मध्ये ॲमस्टरडॅमच्या माहितीपट महोत्सवात या चित्रपटाला पुरस्कार मिळाले.

त्याच्या दोनच वर्षं आधी, २००९ मध्ये, पी. साईनाथ यांच्या विदर्भातल्या कामावरचा दीपा भाटिया यांचा 'नीरोज गेस्ट्स' ॲमस्टरडॅमला दाखवला गेला होता. सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' हा मराठी चित्रपट त्याच वर्षी रॉटरडॅमच्या महोत्सवात होता. विदर्भातल्या कास्तकाराचं दुःख तीन वर्षांत तीनदा एकाच छोट्या देशाच्या पडद्यावर गेलं. गाडीत हे सांगत होतो तेव्हा माझ्या पाहुणीनं विचारलं, "आणि आमच्याकडचं काय आलं इकडं?" हा प्रश्न पुढं सगळ्या प्रवासभर आमच्याबरोबर राहिला.

परदेशाशी या मातीचं नातं चित्रपटापेक्षा फार जुनं आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडं वळली. पुढं कापूस नेण्यासाठी मूर्तिजापूर ते यवतमाळ अरुंद रूळ टाकले गेले, तीच 'शकुंतला'. आता ती बंद आहे. रूळ टाकणारे लोक कापूस घेऊन गेले, पण वेचणाऱ्याची विचारपूस करायला कुणी थांबलं नाही. शंभर-सव्वाशे वर्षांनी बाहेरचं बियाण्याचं तंत्र आलं. बीटी कापसाला आपल्याकडं २००२ मध्ये परवानगी मिळाली. त्यामागून कॅमेरे आले. कापूस, बियाणं आणि कॅमेरा, तिन्हींची वाट एकच. म्हणून कॅमेऱ्यानं तरी वेगळं वागावं अशी माझी अपेक्षा असते.

पांढरकवडा म्हणजे केळापूर तालुक्याचं ठिकाण. बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग, जिनिंगच्या आवारात रुईचा बारीक धुरळा, एका बाजूला टिपेश्वरच्या वाघांची पाटी. तेलंगणाची हद्द जवळच असल्यानं कानावर वऱ्हाडीबरोबर तेलुगू पडते, गोंडी आणि कोलामीही. तेलंग टाकळी पाहिली. मोजकी कौलारू घरं, बरीच आता स्लॅबची, घरांच्या पडवीत कापसाचे ढीग. ज्या कुटुंबांनी कधीकाळी कॅमेऱ्यापुढं आपलं घर उघडं केलं, त्यांच्या दाराशी पुन्हा कॅमेरा घेऊन उभं राहायचं नाही असं आम्ही आधीच ठरवलं होतं. गावाला मनातल्या मनात नमस्कार करून पुढं निघालो आणि काही अंतरावरच्या एका वावराच्या धुऱ्याशी थांबलो.

तिथं वेचा चालू होता. वेचा सुरू करण्याआधीची सीतादहीची पूजा होऊन चारच दिवस झाले होते. दहा-बारा बाया ओळीनं सरकत होत्या, कमरेला ओटीसारखं बांधलेलं जुनं लुगडं. पाहुणी त्यांच्या हातांकडं बघत उभी राहिली. डाव्या हातानं बोंड धरायचं, उजव्या हाताच्या पाचही बोटांनी पाकळ्यांतला कापूस एका ओढीत काढायचा, पाचोळा लागू द्यायचा नाही. वाळलेल्या बोंडाचं टोक नखाच्या मुळाशी टोचतं. प्रत्येकीच्या बोटांवर त्याचे बारीक काळे ओरखडे होते. ओटी भरली की धुऱ्यावरच्या गाठोड्यात रिकामी करायची. संध्याकाळी काट्यावर वजन आणि किलोवर मजुरी. पाहुणीनं स्वतः एक तास वेचून पाहिलं. बॅगेतला कॅमेरा तिनं काढला नाही.

"शूटिंगवाले हायेत काय जी तुमी?" एका आजीनं विचारलंच.

मी सांगितलं, "ही सिनेमे करते, आजी. पण आज बघायला आलीय."

"मंग तिचा सिनेमा दाखव म्हना ना. आमचे त लई लोकं घेऊन गेले."

ठरलं. संध्याकाळी काटा झाला, मजुरीचा हिशेब झाला आणि शेतमालकाच्या ओसरीवर आम्ही पाहुणीचा लॅपटॉप मांडला. तिचा अर्ध्या तासाचा माहितीपट होता, फ्रिसलंड भागातल्या तिच्या वडिलांच्या गोठ्यावरचा. मी बाजूला बसून मराठीतून सांगत गेलो. ओसरी भरली, मागं बाप्ये उभे, पुढं पोरं. आधी थोडा वेळ हसू झालं, कारण गायी भिंतीएवढ्या मोठ्या होत्या आणि दूध यंत्र काढत होतं. मग पडद्यावर पाहुणीचे वडील स्वयंपाकघरात बँकेची कागदं पुढं घेऊन बसलेले दिसले. बराच वेळ ते बोलत नाहीत. ओसरीवर कुणी हललं नाही.

चित्रपट संपल्यावर प्रश्न सुरू झाले, आणि मला एवढ्यासाठीच इथं यायचं होतं.

"गाय किती दूध देते जी?"

"दिवसाला पंचवीस-तीस लिटर."

"बाप्पा! अन् भाव कोन ठरवते?"

"डेअरी."

"तुमचा बाप नाई ठरवत?"

"नाही."

"मंग आमच्यासारखंच हाये." हे म्हणणारी बाई चाळिशीची असेल. दिवसभर तिनं एक शब्द काढला नव्हता. "कर्ज कायचं हाये त्यायच्यावर?"

पाहुणी सांगत गेली. गोठा वाढवण्यासाठी काढलेलं कर्ज, यंत्राचं कर्ज. २०१९ मध्ये सरकारच्या नायट्रोजनच्या नियमांविरुद्ध तिकडचे शेतकरी हजारो ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरले तेही सांगितलं. ट्रॅक्टर ऐकून बाप्ये पुढं सरकले. कुणी विचारलं की सरकारनं ऐकलं का, कुणी विचारलं की पोरं शेतीत राहतात का. तिचा भाऊ राहिला नाही, हे तिनं सांगितलं. आजी म्हणाली, "आमचा बी पुन्याला हाये. कंपनीत." मग आजीनं पाहुणीचा हात हातात घेऊन तिच्या बोटांवर दिवसभरात आलेले ओरखडे पाहिले आणि घरातून खोबरेल तेल मागवलं.

देशादेशांत चित्रपटकारांची जी देवाणघेवाण होते तिला सांस्कृतिक मुत्सद्देगिरी म्हणतात. तिचा इतिहास मोठा आहे आणि त्यातला काही भाग आपल्या अभिमानाचा आहे. १९१२ मध्ये दादासाहेब फाळके लंडनला गेले तेव्हा सेसिल हेपवर्थ यांनी या अनोळखी माणसाला आपला स्टुडिओ उघडून दाखवला. पुढच्याच वर्षी 'राजा हरिश्चंद्र' झाला. १९५२ मध्ये मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. अमेरिकेहून फ्रँक काप्रा आले, इटलीहून डी सिका यांचा 'बायसिकल थीव्ह्ज' आला. त्या चित्रपटाचा बिमल रॉय यांच्यावर परिणाम झाला आणि १९५३ मध्ये 'दो बिघा ज़मीन' आला. कर्जापायी जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची ती गोष्ट १९५४ मध्ये कान महोत्सवात गौरवली गेली. रोममधल्या सायकल हरवलेल्या मजुरानं आपल्या शेतकऱ्याला पडद्यावर यायची वाट दाखवली. देवाणघेवाण फळते ती अशी. मुंबईची प्रभात चित्र मंडळासारखी फिल्म सोसायटी असो की पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, जगाचा चित्रपट मराठी माणसापर्यंत आणणाऱ्या या संस्थांनी दोन-तीन पिढ्यांची नजर घडवली.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या चित्रपट विभागाबरोबर 'अमेरिकन फिल्म शोकेस' चालवलं. त्यांचे दिग्दर्शक आपले माहितीपट घेऊन देशोदेशी गेले, त्यांनी कार्यशाळा घेतल्या. बर्लिनचा महोत्सव जगभरच्या तरुणांना बोलावतो. गोव्यात २००७ पासून फिल्म बाजार भरतो, तिथं परदेशी निर्माते भारतीय पटकथा वाचतात. चैतन्य ताम्हाणे यांना अल्फोन्सो क्वारोन यांच्याबरोबर काम करायची संधी मिळाली ती अशाच एका गुरू-शिष्य योजनेतून. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला २०२५ मध्ये सनडान्सचा मोठा पुरस्कार मिळाला. या सगळ्याचं मला मनापासून कौतुक आहे. पण या वाटा मुंबई, पुणे, दिल्ली, पणजी इथंच थांबतात. चित्रपटातलं गाव मात्र पांढरकवड्याच्या पुढं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही यवतमाळला पोचलो. या शहरात जानेवारी २०१९ मध्ये ९२ वं मराठी साहित्य संमेलन भरलं आणि त्याचं उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं. त्या याच जिल्ह्यातल्या, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसवलेल्या 'तेरवं' या नाटकात शेतकऱ्यांच्या विधवा स्वतः रंगमंचावर उभ्या राहून बोलल्या. पाहुणीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग आम्हाला तुमच्याकडं कॅमेरा लावायला माणसं पाठवायची काय गरज? त्या बायांनाच आमच्याकडं बोलवायला हवं." मला यापेक्षा नेमकं बोलता आलं नसतं.

परदेशी दिग्दर्शकानं यवतमाळात येऊ नये असं मला मुळीच म्हणायचं नाही. 'बिटर सीड्स'सारख्या चित्रपटानं दुकानातल्या जीन्सचा धागा इथल्या धुऱ्यापर्यंत आणून जोडला आणि ते काम आपल्यातल्या कुणी त्या ताकदीनं केलं नव्हतं. बाहेरच्या माणसाला जे दिसतं ते घरच्याला कधी कधी दिसत नाही. माझं मागणं एवढंच आहे की येणाऱ्यानं आपलंही काही आणावं. ज्या दूतावासाच्या पैशानं दिग्दर्शक गोव्याला येतो, त्यानं त्याला दोन दिवस जिल्ह्यात पाठवावं, त्याच्या चित्रपटाला मराठी उपशीर्षकं द्यावीत आणि गावात पडदा लावावा. गावावर झालेल्या प्रत्येक चित्रपटाची प्रत ग्रामपंचायतीत आणि जवळच्या महाविद्यालयात राहावी, म्हणजे पुढच्या पिढीला आपलं गाव जगानं कसं पाहिलं ते तपासता येईल, खोडता येईल. आणि 'बिटर सीड्स'मधल्या त्या मुलीसारखी प्रश्न विचारणारी एखादी पोरगी यवतमाळातून ॲमस्टरडॅमला जावी, पाहुणी म्हणून आणि हातात कॅमेरा घेऊन. फ्रिसलंडच्या गोठ्यात उभं राहून तिनं तिथल्या शेतकऱ्याला विचारावं की दुधाचा भाव कोण ठरवतं.

राज्यकर्ते करारांवर सह्या करतात, त्यांचं महत्त्व त्यांच्या जागी आहे. पण कापसाच्या ढिगाशेजारी बसून दोन देशांच्या शेतकऱ्यांनी एकमेकांची कर्जं मोजली, ते कुठल्याही कराराच्या कलमात बसणारं नव्हतं. त्यासाठी एक लॅपटॉप, अर्ध्या तासाचा चित्रपट आणि दोन्ही भाषा जाणणारा एक माणूस पुरला. इतक्या स्वस्तात होणारं हे काम सरकारांनी आणि महोत्सवांनी मनावर घ्यावं. यवतमाळच्या सोळाही तालुक्यांत ओसऱ्या आहेत आणि प्रश्न विचारायला माणसं तयार आहेत.