दुकानातली जपानी
(जपानची दैनंदिनी : भाग चौथा)

सोमवार, निहोनबाशी, तोक्यो

कामाकुराची देवळं मागच्या भागात झाली. हा आठवडा बाजाराचा. सुरुवात मित्सुकोशी या मोठ्या दुकानापासून केली, कारण जपानी दुकानदारीचा पाया त्यामागच्या मित्सुई घराण्याने घातला. मित्सुई ताकातोशीने १६७३ मध्ये एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, 'एचिगोया' हे कापडाचं दुकान काढलं; त्याचंच पुढे मित्सुकोशी झालं. तेव्हाचे कापडवाले माल घेऊन बड्यांच्या घरी जात, उधारीवर विकत आणि पुढे सणावारी वसुली करत. व्याज आणि बुडणारी उधारी भावात आधीच चढवलेली असे. ताकातोशीने माल दुकानात मांडला, अख्ख्या ताग्याऐवजी हवं तेवढं कापड कापून द्यायला सुरुवात केली आणि जाहीर केलं: 'गेनकिन काकेने नाशी'. रोखीचा व्यवहार, भाव चढवून सांगणार नाही. ज्याला घासाघीस जमत नाही, त्याचीही इथे फसगत होणार नव्हती.

आज एक रुमाल घेतला. काउंटरवरच्या बाईंनी माझी नोट तबकात ठेवली आणि म्हणाल्या, ''ओआझुकारी शिमास.'' आपले पैसे त्या सांभाळायला घेतात, असा या बोलण्याचा भाव. मग 'ओत्सुरी', म्हणजे सुटे पैसे, माझ्यासमोर मोजून परत दिले. बाहेर पडेपर्यंत 'इराश्शाइमासे' हे स्वागत चहूकडून कानी येत होतं. त्याला उत्तर द्यायचं नसतं. मान किंचित लववली तरी पुरते.

मंगळवार, तोयोसु, तोक्यो

जपानमधलं पहिलं सेव्हन-इलेव्हन मे १९७४ मध्ये याच तोयोसुत उघडलं. 'कोनबिनी', म्हणजे कोपऱ्यावरचं छोटं सर्ववस्तू दुकान, ही संस्था इथून देशभर पसरली. नवख्या माणसाने इथले दोन प्रश्न ओळखायला शिकावेत. ''आतातामेमास का?'' म्हणजे डबा गरम करून देऊ का? ''फुकुरो?'' म्हणजे पिशवी हवी का? जुलै २०२० पासून प्लास्टिकच्या पिशवीचे पैसे पडतात, म्हणून हा प्रश्न हमखास येतो.

किमतीच्या चिठ्ठीवर दोन आकडे दिसतात: 'झेइनुकी' म्हणजे कर सोडून, 'झेइकोमी' म्हणजे करासह. ऑक्टोबर २०१९ पासून उपभोग कर १० टक्के आहे, पण खाद्यपदार्थ बांधून नेले तर ८ टक्केच. तोच भाताचा डबा दुकानातल्या खुर्चीवर बसून खाल्ला तर १०. बसून खाणार असाल तर आधी सांगा, अशी पाटी असते. खरं काय ते गिऱ्हाइकानेच सांगायचं. सांगितलेल्या भावावर गिऱ्हाईक विश्वास ठेवतं, तसा दुकानही गिऱ्हाइकाच्या शब्दावर ठेवतं.

बुधवार, तोक्यो, रात्री

मुक्कामाजवळच्या सुपरमार्केटमध्ये संध्याकाळ उतरली की एक कर्मचारी चिठ्ठ्या डकवत फिरतो. 'वारीबिकी' म्हणजे सूट. यातलं 'वारी' म्हणजे दहावा हिस्सा, म्हणून '२ वारीबिकी' असेल तर २० टक्के सूट. दोन टक्के समजून पुढे जाऊ नका. बंद होण्याची वेळ जवळ आली की 'हानगाकु' येतं, निम्मी किंमत. मासळीच्या कपाटापाशी लोक शांतपणे त्याची वाट पाहतात. कुणी चिठ्ठीसाठी मागे लागत नाही.

दुधाच्या फळीवर 'तेमाएदोरी' अशी पाटी होती: समोरचं आधी उचला. मुदत आधी संपणारा माल पुढे असतो. लगेच वापरणार असाल तर तोच न्या, म्हणजे फेकावा लागणार नाही. २०२१ पासून सरकार आणि कोनबिनी मिळून हे आवाहन करत आहेत. मागे हात घालून ताजी पिशवी काढायची सवय आपल्याकडेही घट्ट आहे. मी समोरची घेतली. उद्या सकाळीच संपणार होती.

शुक्रवार, ओसाका

तेंजिनबाशीसुजी हा सुमारे २.६ किलोमीटर लांबीचा, बराचसा छताखालचा बाजार, म्हणजे 'शोतेंगाई'. केवढ्याला, हे तोक्योत 'इकुरा देस का?' असं विचारतात, इथे 'नान्बो?' विचारलं की दुकानदाराचा चेहरा खुलतो. 'बेंक्यो शिते' म्हणजे भावात थोडं सोडा. एरवी 'बेंक्यो' म्हणजे अभ्यास. दुकानात तेच सवलतीची विनंती होतं. लोणच्याच्या दुकानातल्या मावशींनी पैसे कमी केले नाहीत, पण मुळ्याच्या दोन फोडी वर घातल्या आणि ''ओओकिनी!'' म्हणून आभारही मानले.

शनिवार, ओसाका

आज हॉटेलातल्या वर्तमानपत्रात 'कासुहारा' हा शब्द दिसला: गिऱ्हाइकाकडून कर्मचाऱ्याचा होणारा छळ. 'गिऱ्हाईक म्हणजे देव' हे वाक्य गायक मिनामी हारुओ यांच्यामुळे देशभर पसरलं. रंगमंचावर देवापुढे उभं राहावं तशा शुद्ध मनाने गावं, एवढाच त्यांचा अर्थ होता. पुढे अरेरावी करणाऱ्या गिऱ्हाइकांनी ते हत्यार केलं. तोक्यो महानगराने याविरुद्ध अध्यादेश केला, तो एप्रिल २०२५ पासून लागू आहे.

आठवडाभर काउंटरवर जी अदब ऐकली, ती तासन्‌तास उभ्या असलेल्या माणसांची मेहनत आहे. भाव न चढवण्याची जबाबदारी दुकानाने साडेतीनशे वर्षांपूर्वी घेतली. समोरचं दूध उचलणं, खरं सांगून कर भरणं आणि विकणाऱ्याशी नीट बोलणं ही गिऱ्हाइकाची बाजू आहे. जपानला जाणाऱ्याने भावाच्या शब्दांबरोबर 'आरिगातो गोझाइमास', म्हणजे 'आभारी आहे', हेही पाठ करावं आणि ते आपण आधी म्हणावं.

उद्या क्योतो. निशिकी बाजाराविषयी पुढच्या भागात.