पाय ऐकत नाहीत



सामायिक 48 मिनिटांचे. मागच्या चातुर्मासात माझा आठ वर्षांचा नातू स्थानकात माझ्याशेजारी बसला आणि दहा मिनिटांत तीनदा उठला. मी दंड धरून त्याला जोरात खाली बसवले. त्याचे डोळे भरले. म्हणाला, "आजी, मी ठरवून बसतो गं, पण पाय ऐकत नाहीत."

समता शिकायला बसलेली मी, आणि तीच माझ्याकडून सुटली.

शाळेतूनही तक्रारी होत्याच. वही अर्धवट, डबा विसरलेला, बाईंचा प्रश्न संपण्याआधी याचे उत्तर. कुणी म्हणे लाडावलाय, कुणी म्हणे पूर्वकर्म. बोल मात्र सुनेला लागत. बोलणाऱ्यांत मीही होते.

शेवटी सूनच त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. कान-डोळे तपासले, शाळेकडून माहिती मागवली. निदान झाले एडीएचडीचे. डॉक्टर म्हणाले, चंचल तर सगळीच मुले असतात. पण बारा वर्षांच्या आत सुरू झालेली लक्षणे सहा महिन्यांहून जास्त टिकली, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसली आणि त्यामुळे रोजचे अडू लागले, तर तपासून घ्यावे. हा मेंदूच्या वाढीतला फरक आहे, संस्कारांची कमतरता नव्हे. पुष्कळदा घराण्यातही असतो. मुली तर अनेकदा धावपळ करत नाहीत, नुसत्या हरवल्यासारख्या बसतात, म्हणून लक्षात येत नाहीत.

मला माझी मुलगी आठवली. तिला मी वर्षानुवर्षे वेंधळी म्हटले.

आता आम्ही एका वेळी एकच काम सांगतो. दिवसाचा क्रम फ्रिजवर चिकटवलाय. अभ्यास पंधरा-पंधरा मिनिटांचा, मध्ये उड्या मारायला सुट्टी. जमले की लगेच शाबासकी. औषधाला मी घाबरले होते, पण डॉक्टर भूक, झोप, वजन बघत मात्रा ठरवतात. आपल्या मनाने सुरू करायचे नाही आणि बंदही करायचे नाही.

स्थानकात तो एक माळ फिरवतो, मग पुस्तके वाटायला उठतो. मी अडवत नाही.

यंदा संवत्सरीला त्याला आणि सुनेला हात जोडून मिच्छामि दुक्कडम् म्हटले. मग मुलीला फोन लावला. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आई, मी अजूनही किल्ल्या हरवते गं."